सक्ती नसताना

माणूस आडवा झाला की बोलतो. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, क्लिनिक उघडल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं.

अंधेरी पूर्वेला, चकाल्यात, माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. तळमजल्यावरची एक खोली, तिच्यात तीन खाटा, खाटांच्या मध्ये हिरवे पडदे. आमचं काम नेमकं काय, हे लोकांना अजूनही नीट कळलेलं नाही. कोणी मसाजवाली म्हणतं, कोणी शेकवाली मॅडम. हाडांचे डॉक्टर प्लास्टर काढतात आणि सांगतात, "झालं, आता हलवा हात." तो हलत नाही. तिथून पुढे आमची गरज लागते. दुखणाऱ्या जागेवर मशीनचे पॅड लावायचे, शेक द्यायचा, मग आखडलेला सांधा रोज थोडा थोडा, माणसाच्या शिव्या खात सोडवायचा. आणि माणूस बरा झाला की येणं बंद करतो. बऱ्या झालेल्या माणसाला चालताना, धावताना बघायचं सुख आमच्या नशिबात फारसं नाही. दुखणाऱ्यांचीच तोंडं बघत जन्म गेला.

पॅड लावल्यावर माणसाला हलता येत नाही. वर पंखा, बाजूला पडदा. मग तो पडद्यापलीकडच्या अनोळखी माणसाशी गप्पा सुरू करतो. तोंड दिसत नाही म्हणून मोकळेपणाने बोलतो. मुलीची स्थळं, सोसायटीतली भांडणं, रस्त्यांची वाट लागलेली, सगळं मी ऐकलंय. पण एका विषयावर माझ्या तिन्ही खाटांचं कायम एकमत असायचं. आजकालच्या पोरांना शिस्त नाही, त्यांना सक्तीने लष्करात धाडलं पाहिजे.

या मताचे पुढारी म्हणजे परुळेकर काका. शिपिंग कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, आवाज असा की माझ्या क्लिनिकात बोलले तर समोरचा केमिस्ट उत्तर द्यायचा. उजवा खांदा आखडला होता म्हणून येत होते.

"बारावी झाली रे झाली, की दोन वर्षं आर्मीत!" ते पंख्याकडे बघत सांगायचे. "मोबाइल काढून घ्यायचा. पहाटे उठवायचं. आयएएसवाल्याचा पोरगा असो नाहीतर पाववाल्याचा. सगळे सरळ होतील. काय नीलाताई?"

"हात वर घ्या," मी म्हणायची.

"आई गं! घेतोय, घेतोय. पण मी म्हणतो ते बरोबर की नाही?"

एकदा पलीकडच्या पडद्याआडून एक शांत आवाज आला. "एक्स्क्यूज मी सर. आर्मी? आर्मीबद्दल बोलताय?"

तो आवाज पार्क साहेबांचा. ते कोरियन. अंधेरीतच त्यांच्या कंपनीचं ऑफिस होतं, इथे येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. कंबरेची चकती सरकलेली. सावकाश इंग्रजी बोलायचे, त्यात 'थोडा थोडा' आणि 'बस बस' घालायचे. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिते.

मी सांगितलं की हे गृहस्थ म्हणताहेत, आमच्याकडे लष्करात जाणं सक्तीचं करावं.

"आमच्याकडे आहे," पार्क म्हणाले. "मी गेलो होतो. दोन वर्षांच्या वर. ही कंबर तिथलीच."

परुळेकर काका पॅडसकट उठायला निघाले. मी त्यांना दाबून ठेवलं. मग त्यांनी ओरडूनच विचारलं, "बघा! घडलात ना तुम्ही? म्हणून इथवर आलात! सांगा, सांगा यांना!"

पार्क म्हणाले की त्यांना वयाच्या एकविसाव्या वर्षी उत्तर सीमेवरच्या एका चौकीवर टाकलं होतं. हिवाळ्यात तिथे पापण्यांवर बर्फ धरतं. एका बाजूला काटेरी तारा, पलीकडे त्यांच्याच भाषेत बोलणारा शत्रू. तिथल्या रानात एक छोटं हरीण असतं, ते माणसासारखं किंचाळतं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा पार्क आणि त्यांच्या जोडीचा पोरगा एकमेकांचा हात धरून उभे राहिले होते. बंदुका होत्या खांद्याला, पण सुचला तो हातच.

मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे सर, घडलो असेन," पार्क म्हणाले. "पण मला कोणी विचारलं नव्हतं, येतोस का म्हणून. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला आजही माहीत नाही. कधी कधी बसून विचार करतो. उत्तर येत नाही."

परुळेकर काकांना हे पटलं नाही. तरी त्या दिवसापासून दोघांनी आपापली वेळ जुळवून घेतली. एक मराठी-इंग्रजीत ओरडायचा, दुसरा हळू उत्तर द्यायचा. पार्क एकदा म्हणाले ते मी विसरले नाही. त्यांच्या देशात जो जात नाही त्याला सगळे विचारतात, का गेला नाहीस? आणि इथे जो जातो त्याला विचारतात, का जातोस?

याच सुमारास परुळेकर काकांची नात माझ्याकडे आली. सई. काकांच्या मुलाची मुलगी, सगळे एकाच घरात राहणारे. वांद्र्याला एका काचेच्या इमारतीतल्या ऑफिसात नोकरी करायची. पगार झकास. सडपातळ, मान जरा पुढे काढून चालायची, कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सगळ्यांसारखी. मला वाटलं मान धरली असेल.

"मावशी, मला डोक्यापासून पायापर्यंत तपासशील?" ती म्हणाली. "आणि आजोबांना आत्ताच सांगू नकोस."

लष्करात अधिकारी होण्यासाठीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. पुढे पाच दिवसांची मुलाखत, आणि तीत निवड झाली तर वैद्यकीय तपासणी. घरात कोणालाच पत्ता नव्हता. रोज पहाटे महाकालीच्या रस्त्याने लेण्यांपर्यंत धावत जात होती. घरच्यांना वाटायचं, पोरगी वजन कमी करते.

मी तिला तपासलं. गुडघे जुळतात का, तळपाय सपाट आहेत का, पाठीचा कणा सरळ आहे का. सगळं ठीक होतं. फक्त कोपरापाशी मी थांबले. आपण हात खाली सोडून तळवे समोर केले, की कोपरापासून पुढचा हात थोडा बाहेर वळलेला दिसतो. बायकांचा जरा जास्तच वळतो. रोजच्या जगण्यात त्याने काही बिघडत नाही, कळशी कंबरेवर घ्यायला उलट सोयीचं. पण लष्कराला हे वळण एका मर्यादेच्या आत लागतं. सईचं अगदी काठावर होतं.

मी तिला ते सांगितलं. हाड बदलत नाही हेही सांगितलं. तिने आरशासमोर उभं राहून आपले हात बघितले. जन्मभर ज्याकडे लक्ष गेलं नाही त्या कोपरांकडे ती परक्यासारखी बघत होती.

मी न राहवून विचारलं, "का गं, सई? चांगली नोकरी आहे तुझी."

"खरं सांगू? माहीत नाही," ती म्हणाली. "आजोबा रोज म्हणतात, पोरांनी जायला पाहिजे. न्यूजवाले म्हणतात, ऑफिसात सगळे म्हणतात. सगळ्यांचं एकच, कोणीतरी जायला पाहिजे. मी म्हटलं, मग मी आहे ना रिकामी."

ती हसली. मला हसता आलं नाही. चाळीस वर्षं मी माणसांना उभं करत आले, पण असं सहज उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मुलाखतीचं बोलावणं आल्यावर तिने घरी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी परुळेकर काका आले. त्यांची वेळ नव्हती. खाटेवर न जाता समोरच्या खुर्चीत बसले.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"तिचे आईबाप गप्प आहेत. म्हणतात, तिचं आयुष्य आहे. तिची आजी रडत नाही, पण जेवतही नाही." ते पुढे वाकले आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदा इतका खाली गेलेला ऐकला. "नीलाताई, तुमचा शब्द ती मानते. तिला सांगा, तुझं शरीर लष्कराला चालणार नाही. कोपर आहे, कंबर आहे, काय वाटेल ते सांगा. एवढंच सांगा. पुढचं मी बघतो."

"काका, मी तसं सांगणार नाही."

"माझ्यासाठी."

"कोणासाठीच नाही. शरीराबद्दल मी कधी खोटं बोलले नाही. तुमचा खांदा पूर्ण सुटायला वर्ष लागेल, हेही तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही किती चिडला होता."

ते उठले नाहीत. मीच जरा कडक आवाजात विचारलं, "रोज तर तुम्हीच म्हणता ना, प्रत्येक पोराला पाठवा?"

"प्रत्येकाला म्हणतो," ते म्हणाले. "ताई, सगळ्यांच्या घरातलं एकेक गेलं, तर आपलंही जातं. रांगेत जातं. पलीकडच्या नाडकर्ण्यांचा जातो, वरच्या शहांचा जातो. त्यात आपली पोरगी गेली तर माणूस झोपतो तरी. पण सगळी सोसायटी घरी बसलेली आणि आपलंच एकटं पोर निघालंय, हे कसं सोसायचं? सक्ती असती तर मला काही ठरवावं लागलं नसतं. सरकारला शिव्या घातल्या असत्या, डबा भरून दिला असता, झालं."

मला वाटलं होतं, बोलघेवडा माणूस उघडा पडला की आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी तो निम्मा प्यायला आणि गेले.

मुलाखतीत सईची निवड झाली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर झेंड्यांचा आणि टाळ्यांचा पूर आला. त्याच सोसायटीतल्या बायका जिन्यात तिच्या आईला गाठून विचारत होत्या, "अगं, पण लग्नाचं काय?" मग वैद्यकीय तपासणी झाली आणि सई नापास झाली. कोपरावरून. वरच्या तपासणीसाठी अपील करता येतं, पण लोकांना नापास एवढंच कळलं. झेंडे थांबले.

त्यानंतर एक आठवडा परुळेकर काका फिरकले नाहीत. आले तेव्हा पार्क साहेब पोटावर झोपलेले होते, मी त्यांच्या कंबरेवर हात ठेवून होते. काका पडद्याच्या आत डोकावले, हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

"पार्क साहेब, तुम्हालाही सांगतो, ऐका," ते म्हणाले. इंग्रजी अर्धं, मराठी अर्धं. जिथे अडलं तिथे मी जोडून दिलं. "पोरगी नापास झाली. मी मनात म्हटलं, सुटलो. खोटं कशाला सांगू. त्या रात्री पोटभर जेवलो. माशाचं कालवण होतं, दोनदा भात घेतला. तिची आजी माझ्याकडे बघत होती. सकाळी जाग आली ती दाराच्या कडीने. मला वाटलं दूधवाला. बघतो तर सई. बूट घालून चालली धावायला."

ते पडदा सारून आत आले.

"मी खिडकीतून बघत होतो. रस्त्यावर कुत्रीसुद्धा उठली नव्हती. लष्कराने नको म्हटलेलं. घरात कोणाला हवंच नव्हतं. ऑफिसवाले पगार वाढवून देतायत. आणि ही धावतेय. कोण उठवतंय हिला? मी आयुष्यभर ऑफिसला गेलो तो हजेरीचं मस्टर होतं म्हणून. तुम्हाला पार्क साहेब, सरकारने नेलं. हिला कोण नेतंय? मला भीती वाटली ताई. देवाच्या गाभाऱ्यात अंधारात उभं राहिल्यावर वाटते ना, तशी. आपल्याच घरात, आपल्याच मांडीवर वाढलेलं पोर, आणि आपण तिला ओळखतच नव्हतो."

पार्क उशीत तोंड घालून पडले होते. त्यांची पाठ माझ्या हाताखाली ताठ झाली, मग हळूहळू सैल पडली.

"आता मला खरं सांगा," काका मला म्हणाले. "त्या कोपराचं काय करता येईल?"

मी खरं तेच सांगितलं. हाडाला इलाज नाही. पण सईचे सांधे सैल होते. हात सरळ करताना तिचं कोपर गरजेपेक्षा जास्त मागे जायचं, आणि त्यामुळे वळण आहे त्याहून मोठं दिसायचं. दंडाचे स्नायू बळकट केले, कोपर जागेवर धरायची सवय लावली, तर जे खरं माप आहे ते तरी खरं दिसेल. काठाच्या आत की बाहेर, ते मोजणारे ठरवतील.

मग सई रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट येऊ लागली. डंबेल, रबराचे पट्टे, भिंतीला टेकून व्यायाम. काका खुर्चीत बसून तिच्यावर पहारा ठेवायचे. "कोपर बघ, कोपर! मागे गेलं बघ!" ती वैतागायची. "आजोबा, तुम्ही गप्प बसा ना यार!" "गप्प बसतंय. तू कर." स्वतःचा व्यायाम टाळणारा तो माणूस तिच्यासोबत आपलाही हात भिंतीवरून वर सरकवायचा, कण्हत.

वरच्या तपासणीला तिला दुसऱ्या शहरातल्या लष्करी रुग्णालयात जावं लागलं. काका सोबत गेले. निकाल कळताच त्यांनी मला फोन केला, आणि फोनवर मला फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकू येत होते. मी म्हटलं, "काका? काय झालं?" मग सईने फोन घेतला. "मावशी, फिट! आजोबा बोलू शकत नाहीयेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

प्रशिक्षणाला निघायच्या आदल्या दिवशी ती आजीने केलेल्या खोबऱ्याच्या वड्या घेऊन क्लिनिकात आली. केस कानापर्यंत कापलेले. पार्क साहेब व्यायाम करत होते. त्यांची कंपनी त्यांना परत बोलावणार होती, त्यांचेही इथले शेवटचे महिने चालू होते. त्यांनी विचारलं, "उद्या?" ती म्हणाली, "उद्या."

ते खाटेवरून उठले. मी शिकवलं होतं तसे, कुशीवर वळून, हाताने जोर देऊन, सावकाश. पायांत स्लीपर, अंगात घामेजलेला टी-शर्ट. दोन्ही टाचा जुळवल्या. जो दुखरा कणा मी कित्येक महिने सरळ करायला झटत होते, तो त्या क्षणी सरळ झाला. त्यांनी उजवा हात भुवईपाशी नेला आणि मोठ्याने एक शब्द उच्चारला, "छुंगसंग!"

सई गोंधळली. तिला अजून सलाम कसा करतात तेही कोणी शिकवलं नव्हतं. तिने हात जोडले.

पार्क साहेबांनी हात खाली घेतला. आम्हाला म्हणाले, या शब्दाचा अर्थ निष्ठा. चौकीवर दिवसातून शेकडो वेळा तो ओरडून म्हणायला लागायचा, वरचा कोणी दिसला की. नाही म्हटला तर शिक्षा. सुटल्यावर त्यांनी तो कधी तोंडातून काढला नव्हता.

"आज मी तो माझ्या मनाने म्हटला," ते म्हणाले. "पहिल्यांदा."

सई वड्यांचा डबा त्यांच्यापुढे धरून उभी होती. त्यांनी एक वडी घेतली, दोन्ही हातांनी, त्यांच्याकडे मोठ्यांकडून आदराने घेतात तशी.

पुढे पार्क साहेब आपल्या देशी गेले. सईचं प्रशिक्षण पूर्ण झालं. ती कुठे असते ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. क्लिनिक मी मागल्या वर्षी माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला दिलं. तरी आठवड्यातून दोनदा जाते, हाताला चैन पडत नाही म्हणून.

अशाच एका दिवशी दुपारी काका सईला घेऊन आले. ती सुट्टीवर आली होती. नडगीचं हाड दुखत होतं, डोंगरात ओझं घेऊन चालून. काळवंडलेली, खांदे रुंद झालेले. मान आता पुढे येत नव्हती. तळपायाला हात लावला तर कातडी बैलाच्या खुरासारखी लागली. हीच ती आरशात कोपर बघणारी पोरगी, हे मला माझ्या हातांना समजवावं लागलं. मी नडगीवर पॅड लावले आणि काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. वाकून बघते तर तिला झोप लागली होती. पाठीवर सरळ, तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपत असेल तशी.

पॅडची वेळ संपली. मी ते काढले, तरी तिला जाग आली नाही. बाहेर माणसं थांबली होती, खाट हवी होती. मी तिला उठवू शकले नाही. मी नुसती उभी राहून बघत होते.

बाहेरच्या बाकावर एक नवे गृहस्थ आले होते, गुडघेवाले. वाट बघून कंटाळले असावेत. त्यांनी शेजारच्याशी सुरुवात केली. "या आजकालच्या पोरांना ना, सांगतो तुम्हाला, सक्तीने लष्करात..."

"शूऽऽ," परुळेकर काका म्हणाले. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "हळू बोला. एक आत झोपली आहे."